समुद्र दिसेपर्यंत

आमच्या ह्यांना कुणी विचारलं की धंदा काय, तर ते शेती सांगतात. खरा धंदा मी सांगते. मातीला जाणं. धारूर तालुक्यात कुणाच्याही घरी मयत होऊ द्या, अर्जुनराव तिथं हजर. सरण पेटायच्या आधी दोन शब्द बोलायचे, म्हाताऱ्यांचे हात हातात घ्यायचे, तिसऱ्या दिवशी राख सावडायला परत जायचं. त्याच जोरावर पंचायत समितीला एकदा निवडून आले. लग्नाला गेलं नाही तर लोक विसरतात, पण मातीला आला नाही हे नातवंडांनाही सांगून ठेवतात, असं ते म्हणतात. खोटं नाही ते. पण ह्याच मातींनी आमची कोकणची सहल दोनदा खाल्ली.

सहल हौसेची नव्हती. सासूबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती महिने टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर सासूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "सुनिता, मला समुद्र बघायचा हाय. टीव्हीतला न्हाई, खरा." वीस वर्षांत सासूबाईंनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

ह्यांनी लगेच बेत आखला. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. चार दिवस, किनाऱ्याकिनाऱ्यानं, घाई नाही. वाटेत किल्ले बघायचे आणि दोन्ही वेळेला सुरमई. सासूबाई म्हणाल्या, "किल्ला तर आपल्या दारातच हाय. मासे तू खा. मला निस्तं पानी दाव."

दिवाळीनंतर निघालो तर मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहा यायच्या आत फोन आला. पंचायत समितीतल्या भगवानरावांचे वडील गेले होते. चहा न घेताच माघारी. महिन्यानं पुन्हा निघालो, तर नगरच्या पुढून दुसऱ्या एका मातीसाठी परत. त्या दिवशी घरी येऊन मी भांडी आपटली. सासूबाईच मला समजावायला लागल्या, "ऱ्हाऊ दे गं. मानूस काय आपली गाडी बघून मरतंय का?" तोवर त्यांना ताटात कडेला वाढलेली चटणी दिसेनाशी झाली होती. मान वळवून वळवून शोधायच्या. मला ते बघवत नसे.

तिसऱ्या खेपेला, जानेवारीत, मांजरसुंब्याला ह्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला. "हा ठिव तुज्यापाशी. समुद्र दिसस्तोवर कुनाची बी माती मला सांगायची न्हाई. कोनी का मरंना." मला वाटलं, ह्या माणसाला अक्कल आली. रात्री पुण्यात मुक्काम केला आणि पहाटेच निघालो.

साडेनऊला वडखळला थांबलो. ताजे मासे कुठं मिळतात ते विचारायला हे खाली उतरले. सासूबाई मागं डुलक्या घेत होत्या. फोन वाजला. चकलांब्याहून परमेश्वर, सासूबाईंच्या नणंदेचा, रुक्मिणीबाईंचा मुलगा.

"वैनी, आई गेली. सकाळी आंगन झाडता झाडता. दादा कुठं हायत?"

मी गाडीतून उतरून लांब गेले. काय बोलले ते आठवत नाही. तो म्हणाला, "मामीला घिऊन या. साडी तुमचीच पडंल आईच्या अंगावर. आमी थांबलोय. निस्तं दिवस मावळायच्या आत या."

आमच्याकडं बाई गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते. ती आल्याशिवाय बाईला उचलत नाहीत. रुक्मिणीबाईंचं माहेर म्हणजे आमचं घर. भाऊ, म्हणजे माझे सासरे, कधीच गेलेले. साडी घालायची ती भावजयीनं, सासूबाईंच्या हातानं. वडखळहून चकलांबा आठ तास. तिथूनच गाडी वळवली तर सूर्य बुडायच्या आत जेमतेम पोचलो असतो. समुद्र मात्र पाऊण तासावर होता.

हे हसत हसत आले. "कुनाचा व्हता? मेलं का काय कोनी?"

"न्हाई," मी म्हणाले.

पुढचा पाऊण तास मी स्वतःशीच भांडत होते. ज्या बाईनं माझी दोन्ही बाळंतपणं काढली तिच्या सरणाशी मी ही चलाखी करत होते. पण आज माघारी वळलो असतो तर चौथी खेप येईपर्यंत सासूबाईंना काय दिसलं असतं? एकदा सांगायला तोंड उघडलंही, पण तेवढ्यात आरशात त्यांचा चेहरा दिसला, काचेला नाक लावलेला. फोन मांडीवर थरथरत होता. मी पदर टाकला त्याच्यावर.

अलिबागला सासूबाई चप्पल काढून सरळ पाण्यात गेल्या. त्यांना एका वेळी थोडंच दिसे, म्हणून डावीकडून उजवीकडं हळूहळू मान फिरवत त्यांनी समुद्र तुकड्या-तुकड्यानं बघितला. मग उजवीकडून परत डावीकडं. "संपतच न्हाई की गं," म्हणाल्या आणि लहान पोरीसारख्या हसल्या. पाण्यात किल्ला उभा होता, ह्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. आईकडंच बघत होते आणि डोळे पुसत होते.

"सुनिता, फोन लाव. रुक्मिनीला," सासूबाई म्हणाल्या. "लगीन होऊन आले तवा मी तेराची, ती अकराची. दोघी हिरीत वाकून इचारायचो, समुद्र यवढा असंल का? आपन निघताना फोनवर म्हनली, पोचल्यावर आधी मला सांग."

मी फोन पदराखालून काढला. परमेश्वरचे अकरा फोन येऊन गेले होते. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मयताच्या घरची तोंडं बघण्यातच ह्यांचा जन्म गेला, त्यांना काही सांगावं लागलं नाही.

"कोन?" त्यांनी हळूच विचारलं.

"चकलांबा," मी म्हणाले. "वडखळलाच आलता फोन. साडीसाठी थांबलेत."

त्यांनी घड्याळ बघितलं, मग सूर्य बघितला. शिव्या दिल्या असत्या, हात उगारला असता, तरी मला चाललं असतं. ते मटकन वाळूत बसले. "आता न्हाई पोचत," एवढंच म्हणाले.

सासूबाईंनी पाण्यातूनच माझ्याकडं हात पुढं केला होता.

"लाव की गं लवकर. कवाधरनं वाट बघत असंल ती."