कोपरा फाटलेलं तिकीट

भिसेगावच्या तान्हाजीचा मुलगा धर्माजी, त्याचा रामभाऊ आणि रामभाऊचा वाल्मिक. पहिल्या तिघांनी माथेरानला हातरिक्षा ओढल्या. वाल्मिकने मात्र जपानमधल्या एका फुटबॉल क्लबाचा ध्यास घेतला.

तापाने फणफणलेल्या मोरी नावाच्या जपानी पाहुण्याला रामभाऊने एकदा भर पावसात खांद्यावर घेऊन दवाखान्यात पोचवलं होतं, पैसे न घेता. “तुम्हाला आमच्या क्लबाची मॅच दाखवीन, तेव्हाच हे ऋण फिटेल,” मोरी म्हणाला होता. रामभाऊ वारला, तरी मोरी दर महिन्याला वाल्मिकला निकाल कळवत असे. १९८७ साली तो आजारी पडला आणि तीन महिने पत्र आलं नाही.

मग पाकीट आलं, परक्या अक्षरातलं. ओट्यावर फोडताच आतून कोपरा फाटलेला जाड कागद पडला. वाल्मिक मागे सरला. मृत्यूचं पत्र आपल्याकडे कोपरा फाडूनच पाठवतात.

“घरात आणू नको रं!” आई भागूबाई ओरडली. “भायेरच वाच.”

“वाचवत नाय, आये.”

“बापानं त्याला खांद्यावर घेतला, आन तुला कागद उचलवत नाय?”

वाल्मिकने सोबतची चिठ्ठी उलगडली. मोरीच्या मुलीने लिहिलं होतं: ‘बाबांचा हात अजून चालत नाही, पण रविवारी ते मैदानात आले. रामभाऊंच्या नावाचं तिकीट काढलं, दारावर रीतसर त्याचा कोपरा फाडून घेतला आणि शेजारची खुर्ची शेवटपर्यंत राखली. आपण जिंकलो.’

भागूबाईने तिकीट पदराने पुसलं आणि स्वतः उंबऱ्याच्या आत नेलं.

“फिटलं,” ती रामभाऊच्या फोटोला म्हणाली. “सगळं फिटलं.”