अपूर्वाची हळद

हळदीच्या दिवशी पहाटेपासून लालबागच्या त्या चाळीत मालनकाकूंचे पाऊल ठरत नव्हते. अपूर्वा त्यांच्या धाकट्या दिराची मुलगी. काकूंना मूल नव्हते. अपूर्वाला न्हाऊमाखू घालून, वेण्या घालून त्यांनीच वाढवली होती.

तीस वर्षांपूर्वी मालनकाकू टीव्हीवरच्या एका मालिकेत होत्या. मुलीच्या लग्नात पुढे होऊन स्वतः हळद लावणारी विधवा त्यांनी केली होती. रविवारी सारी चाळ एका टीव्हीपुढे दाटीवाटीने बसून रडायची. परळहून बायका त्यांना बघायला यायच्या.

आज अपूर्वाच्या भावाने, यशोधनने, तो भाग यूट्यूबवर शोधून सगळ्यांना दाखवला.

"काय डेरिंग होतं हो तेव्हाच्या सीरियलमध्ये!" नवऱ्या मुलाची आत्या डोळे पुसत म्हणाली.

टीव्ही बंद झाला, पाट मांडला. काकूंनी हळदीची वाटी उचलली, तोच त्यांची जाऊ दर्शना जवळ आली.

"वहिनी, राग मानू नका हां. पाच सवाष्णी झाल्यात. तुम्ही जरा आत बसता का?"

काकूंच्या यजमानांना, दत्तारामकाकांना, जाऊन आठ महिने झाले होते.

"अगं, आत्ताच तर सगळ्यांनी बघितलंत..."

"ती सीरियल होती, वहिनी. हा माझ्या पोरीचा संसार आहे. उद्या काही झालं तर?"

काकूंनी अपूर्वाकडे पाहिले. तिने आईकडे पाहिले, मग सासरच्यांकडे, आणि मान खाली घातली. यशोधन उगाच वायर गुंडाळत राहिला. मालिकेत या प्रश्नाला काकूंकडे उत्तर होते. ते ऐकून मुलीचा सासरा विरघळला होता. इथे ते बोलून बघायचीही त्यांना लाज वाटली. वाटी ठेवून त्या आत गेल्या.

तासाभराने हळदीने माखलेली अपूर्वा आत आली. तिने दार लोटले.

"काकू, लाव ना मला. आता कोणी बघत नाहीये."

काकूंचा हात उठला. तिच्या गालाजवळ गेला. आणि एकदम मनात आले, खरंच काही झालं तर? त्यांनी हात पदराखाली घेतला.

"नको बाळा. जा, न्हाऊन घे. हळद वाळेल."

अपूर्वा रडत बाहेर गेली. काकू तशाच बसून राहिल्या. जावेने आत बसवले, ते दुःख एक वेळ सोसले असते. पण आता त्यांना स्वतःच्याच हाताची भीती वाटू लागली होती. ती कोणी घातली, हे विचारायला जायचे तरी कोणाकडे? बाहेर सगळी आपलीच माणसे होती.