येतो म्हण

बँकेचं स्टेटमेंट मी कधी वाचत नसे. ते काम नवऱ्याचं. तो गेल्यावर आलेली पाकिटं न फोडताच फ्रिजवर साठत गेली, आणि धाकट्या दिराने "वहिनी, निदान बघा तरी" असा घोशा लावला म्हणून एका दुपारी मी चष्मा लावून बसले. वीज, औषधं, वाणसामान. मधेच टॅक्सीचे पैसे. खाली पुन्हा टॅक्सी. पुढच्या आठवड्यात पुन्हा.

आमच्या घरात टॅक्सी फक्त तोच मागवायचा, मोबाइलवरून. शेवटचीही त्यानेच मागवली होती. कामावर निघाला, गाडी पोहोचली, चालक म्हणाला, "साहेब, आलं तुमचं ठिकाण," आणि साहेब उतरलेच नाहीत. बसल्या जागी हृदय थांबलं होतं. त्यानंतर मी टॅक्सीत पाऊल ठेवलेलं नाही. त्याच्या कामाच्या जागेवरही गेले नाही. त्याचं सामान तिथेच पडलंय. मालक फोन करकरून थकला.

मी तारखा पुन्हा बघितल्या. सगळ्या त्या दिवसानंतरच्या होत्या.

पहिला संशय चोराचा आला. दुसरा बाईचा. बायकोच्या डोक्यात हा संशय यायला मुहूर्त लागत नाही, आणि मेलेल्या नवऱ्याला उलट उत्तर देता येत नाही, त्यामुळे मी तासभर मनातल्या मनात त्याला चांगलं फैलावर घेतलं. तिसरा विचार मात्र मी पुरता होऊ दिला नाही. उठले, दाराशी अजून तशाच ठेवलेल्या त्याच्या चपला उचलल्या आणि उलट्या करून तळ बघितले. ओली माती लागलीय का ते बघत होते. मला माझीच भीती वाटली.

दीर फोनवर म्हणाला, "सरळ कार्ड बंद करून टाकू, वहिनी. भुरटेगिरी आहे कुणाची तरी."

"थांबा भावजी, दोन दिवस काही करू नका," मी म्हटलं. पैशांचं मला काही नव्हतं. त्याच्या नावावर कोण फिरतंय आणि कुठे जातंय, एवढं मला कळायला हवं होतं. तेवढं कळल्याशिवाय मला त्या घरात झोप लागणार नव्हती.

मग मी टॅक्सी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवून झाल्यावर एक बाई बोलली. आवाजावरून समजूतदार वाटली.

"ताई, हे भाड्याचे पैसे नाहीयेत," ती म्हणाली.

"मग कसले?"

"गाडी आली, थांबली, आणि कुणी बसलंच नाही, की एवढे कापतात. चालकाचा हेलपाटा होतो ना."

"कुणी बसलंच नाही?"

"एकदाही नाही."

"गाडी यायची कुठे?"

"इथे नुसतं 'घर' लिहिलंय." मग तिने पत्ता वाचला. आमचाच. "आणि जायचं ठिकाण 'काम'."

पुढे तिने विचारलं, "हे व्यवहार तुमच्या ओळखीचे आहेत का? नसतील तर तक्रार नोंदवते." मी उद्या सांगते म्हणून फोन ठेवला आणि कपाट उघडलं. त्याच्या खणात त्याचा चष्मा होता. शेजारी ठेवलेला मोबाइल नव्हता.

आता घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. मी दिवसभर कपडे अल्टर करण्याच्या दुकानात; लोकांच्या कमरा वाढतात, मी शिवणी उसवते. आई घरी एकट्या. नवरा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे, हा प्लास्टरचा साचा घ्यायचा. हात कायम पांढरे, म्हणून त्याने मोबाइलला बोलायला लावलं होतं. आलेला निरोप मोबाइल पुरुषी आवाजात वाचून दाखवायचा. आईंची कवळीही त्याच्याच हातची. घरी कुणी नसलं की त्या ती काढून वाटीत ठेवतात. "भिंतींना काय दात दाखवायचे?" असं म्हणतात.

आणि हल्ली एखाद्या संध्याकाळी मी घरी यावं, तर त्या कवळी लावून बसलेल्या. मी विचारायची, "कुणी आलं होतं का, आई?" त्या म्हणायच्या, "कोण येणार?" मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता सगळं एकदम आठवलं.

दुसऱ्या दिवशी दुकानातून मी दुपारीच निघाले. तीन जिने चढले आणि चोरासारखी किल्ली फिरवून आत शिरले. चोर पकडायला स्वतःच्या घरात चोरासारखं शिरावं लागावं, याचाही मला राग आला.

आई खिडकीशी होत्या. पाठमोऱ्या. त्यांनी कवळी लावली, पदराने तोंड पुसलं आणि उशीखालून त्याचा मोबाइल काढला. एका बोटाने दोनदा दाबलं. मग मोबाइल कानाशी धरून त्या थांबल्या. खोलीत इतकी शांतता होती की मला माझा श्वास आवरावा लागला.

"नवा निरोप," तो आवाज म्हणाला. "मी येतोय."

मी दाराची चौकट धरली.

"हं," आई म्हणाल्या. "असं म्हणावं, बाळा."

मला बघून त्या दचकल्या नाहीत. फक्त मोबाइल पदराखाली घेतला.

"आई, हे काय चाललंय?"

"काही नाही. ऐकते मी."

"अहो, तो टॅक्सीवाल्याचा निरोप आहे! खाली गाडी येते, बिचारा वाट बघून जातो. कुणाला बोलावता तुम्ही? तो गेलाय, आई."

"मला सांगतेस?" त्यांचा आवाज चढला. "मी जन्म दिलाय त्याला. म्हातारी झालेय, वेडी नाही झाले. डोळे तपासायला जाताना गाडी कशी बोलवायची ते त्यानेच शिकवलंय मला. दाबलं की थोड्या वेळाने असं बोलतं. नेहमी नाही बोलत. कधी बोलतं, कधी नाही."

"पण कशासाठी?"

आई खिडकीकडे वळल्या. "तो मुद्दाम काय म्हणायचा निघताना?"

मला माहीत होतं. आईंना चिडवायला तो दारातून ओरडायचा, "जातो गं!" मग आतून आईंचा आवाज, "जातो नाही, येतो म्हण!" हा अर्ध्या जिन्यातून परत वर यायचा, दारात उभा राहून वाकून म्हणायचा, "येतो, मातोश्री." वय पन्नाशीचं, आणि रोजचा हा खेळ. त्या दिवशी खाली गाडीचा हॉर्न वाजत होता. "जातो गं" म्हणून तो पळाला. आईंनी दोनदा हाक मारली, "येतो म्हण रे! अरे, येतो म्हण!" मी भांडी घासत होते. मला जिन्यावरची त्याची पावलं ऐकू आली. ती परत फिरली नाहीत.

"तेवढं राहिलं बघ," आई म्हणाल्या. "माणूस जायचा तो जातोच. पण 'जातो' म्हणून जायचं नसतं. उलटा शब्द ठेवून गेला. मी आपली तो सरळ करून घेते."

मी कधी सासूसमोर रडले नव्हते. तेव्हा रडले. मला वाटत होतं, घरात तो फिरतोय. फिरत नव्हताच. त्याला दोघींनी दारात अडकवून ठेवलं होतं. आई त्याला परत बोलवत होत्या, आणि मी त्याच्या सामानाला हात लावायला तयार नव्हते.

खाली हॉर्न वाजला. खिडकीतून बघितलं, पांढरी गाडी उभी होती. चालक मान बाहेर काढून वर बघत होता.

"जाईल तो थोड्या वेळाने," आई म्हणाल्या. "नेहमी जातो."

जायचं ठिकाण 'काम'. मी पर्स उचलली आणि चपला घातल्या.

"आज रिकामी नाही जाऊ द्यायची गाडी," मी म्हटलं. "त्याचं सामान घेऊन येते."

मी जिना उतरले. गाडीचं मागचं दार उघडलं आणि तशीच उभी राहिले. सीट रिकामी होती. साधी काळी सीट, एका कोपऱ्यात उसवलेली. वरून हाक आली.

"येते म्हण गं!"

"येते!" मी ओरडले. रस्त्यावरच्या दोघातिघांनी वळून बघितलं.

"मोठ्याने!"

"येते, आई!"

मी आत बसले. सरकून, एका कडेला. का सरकले ते कळलं नाही. चालकाने आरशातून माझ्या शेजारच्या जागेकडे पाहिलं.

"ताई, अजून कुणी येतंय का?"

वर खिडकीत आई उभ्या होत्या, कवळी लावून.

"येतोय म्हणालाय," मी म्हटलं. "पण तुम्ही चला."