पाव आणि अर्धा मिळून पाऊण

मी एक जुनी लाकडी पट्टी आहे, मित्रांनो. लांबीने एक फूट, अंगाने सागवानी. उमरेडच्या एका सुताराने मला घडवले. त्याने माझे बारा इंच पाडले आणि प्रत्येक इंचाची आठ सारखी घरे केली. अर्ध्या इंचाची रेघ लांब, पाव इंचाची त्याहून आखूड, आणि इंचाच्या आठव्या भागाची रेघ अगदी इवलीशी.

मला करून घेतले ते बाबाराव विणकरांनी. ते हातमागावर करवती काठाची टसर रेशमाची लुगडी विणत. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असे आणि प्रत्येक दात शेजारच्या दाताएवढाच हवा असे. विणता विणता ते मला काठावर ठेवून बघत. "पट्टी आहे म्हणून काठ सरळ आहे," असे ते गिऱ्हाइकांना सांगत. तेव्हा मला फार अभिमान वाटे.

पुढे माग बंद पडला. बाबारावांच्या मुलाला नागपुरात नोकरी लागली आणि सारे घर मनीषनगरात राहायला आले. तिथे मोजण्यासारखे काही उरले नाही. खिडकी आपटू नये म्हणून मला फटीत खोचत. कपाटाखाली गेलेला चेंडू माझ्या टोकाने काढत. ऊन-पाऊस खाऊन माझी एक कड काळी पडली. खरे सांगते, माझ्या रेघांकडे कोणी बघेनासे झाले, याचे दुःख मला जास्त होते.

बाबारावांची सून प्रेमलता शिलाईचे काम करायची. साडीला फॉल लावावा तर तिनेच. पण ब्लाऊज कापायची वेळ आली की ती कापड दुसऱ्याकडे पाठवी. त्याचे कारण तिने कोणालाच सांगितले नव्हते. पाचवीत असताना तिला कावीळ झाली होती. ती बरी होऊन शाळेत गेली तोवर अपूर्णांकांचा धडा होऊन गेला होता. तो तिला पुन्हा कोणी शिकवला नाही, आणि विचारायची तिला लाज वाटली. तीच लाज मोठेपणीही तिच्यासोबत राहिली.

तरी एकदा तिने हिंमत केली. शेजारच्या इंदूबाईंचा ब्लाऊज तिने स्वतः कापायला घेतला. छातीचे माप होते तेहतीस. त्याचा चौथा भाग सव्वाआठ, आणि शिलाईसाठी त्यात दीड इंच मिळवायचा. प्रेमलताने कागदावर आठ आणि एक नऊ केले. मग पाव आणि अर्धा यांची बेरीज करताना वरच्या अंकात वरचा अंक मिळवला, खालच्यात खालचा. उत्तर आले दोन षष्ठांश. म्हणजे नऊ पूर्णांक दोन षष्ठांश! टेपवर अशी रेघच सापडेना. शेवटी तिने अंदाजाने सव्वानऊवर खडूची खूण केली आणि कैची चालवली.

ब्लाऊजचे हूक लागले नाहीत. प्रत्येक भागात अर्धा इंच कमी पडला होता आणि भाग होते चार.

"येत नाही तर काहून घेतलं वं माझं कापड?" इंदूबाई दारातच बोलल्या. सारी गल्ली ऐकत होती. प्रेमलता मान खाली घालून उभी राहिली. त्या दिवसापासून तिने कैची ट्रंकेत ठेवून दिली.

काही आठवड्यांनी तिची मुलगी मयुरी वही घेऊन तिच्याजवळ आली. मयुरी तेव्हा सहावीत होती.

"आई, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. मले जमून नाही राहिलं. तुले येते का?"

प्रेमलताने वही हातात घेऊन पाहिली. मग हळूच म्हणाली, "मलेही नाही येत बेटा."

"मग आता मी कोणाले विचारू?"

हा प्रश्न तिच्या मनाला फार लागला. आपल्यासारखीच हीदेखील न विचारता मोठी होणार, असे तिला वाटले असावे. दुसऱ्याच दिवशी ती वस्तीतल्या शिलाई वर्गात गेली आणि तिथल्या शामलाताईंना तिने सारे सांगून टाकले. कावीळ, पाचवी, इंदूबाईंचा ब्लाऊज, सारे.

शामलाताई हसल्या नाहीत. त्यांनी तिचा टेप बघितला. त्यावरच्या बारीक रेघा पुसून गेल्या होत्या. "घरी एखादी जुनी पट्टी आहे का? रेघा ठळक असलेली?" त्यांनी विचारले.

मित्रांनो, त्या संध्याकाळी मला खिडकीतून काढले गेले. बाबारावांनी स्वतः मला ओल्या फडक्याने पुसले. "ने सूनबाई. हिच्या रेघा अजून पक्क्या आहेत," ते म्हणाले.

वर्गात शामलाताईंनी मला टेबलावर ठेवले. "सांग प्रेमलता, पाव इंचात लहान घरं किती?"

"दोन."

"अन् अर्ध्या इंचात?"

"चार."

"मग दोन्ही मिळून?"

"सहा घरं." प्रेमलताचे बोट माझ्यावरून सरकत गेले आणि थांबले. "ताई, हे तं पाऊण इंच आहे!"

"आता तुझं उत्तर बघ. दोन षष्ठांश म्हणजे एक तृतीयांश. ते तर अर्ध्याहूनही कमी झालं. अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर ते अर्ध्याहून कमी होईल का?"

"नाही होणार!" प्रेमलता जोराने म्हणाली. "घरं सारखी नव्हती अन् मी मिळवत बसली. आधी घरं सारखी करा लागते!"

तिचे बोट आता चाचपडत नव्हते. मग दोघींनी वजाबाकी केली. नंतर पाऊण इंचाची निम्मी घरे मोजली, तेव्हा सहा घरांची तीन झाली, म्हणजे तीन अष्टमांश. असा गुणाकारही झाला. वर्गातल्या इतर बायाही आपापली शिलाई सोडून माझ्याभोवती जमल्या.

घरी येताच तिने मयुरीला हाक मारली. "आण तुझं गणित. पट्टी एक फूट. तिचा अर्धा किती इंच?"

"सहा."

"अन् तिसरा हिस्सा?"

"चार."

"झाले किती?"

"दहा इंच. म्हणजे बारातले दहा... दहा द्वादशांश!" मयुरी ओरडली. "वर-खाली दोननं भागलं का पाच षष्ठांश! आई, तुले येते!"

खरी परीक्षा पुढे होती. लग्नसराई सुरू झाली आणि शामलाताईंचा उजवा हात मनगटात मोडला. त्याच आठवड्यात इंदूबाई वर्गात आल्या. त्यांच्या मुलीचे, हर्षाचे, लग्न होते. हातात करवती काठाचे टसरचे कापड होते. आजीच्या लुगड्यासोबत जपून ठेवलेला तो एकच तुकडा. तसा दुसरा मिळणार नव्हता.

"प्रेमलता कापेल," शामलाताई म्हणाल्या.

"हिच्या हाती कैची देऊ नका, ताई. माझी पोरगी लग्नात काय घालंल?"

सगळ्या जणी प्रेमलताकडे बघू लागल्या. ती जागेवरून उठली. "काकू, तुमचं म्हणणं बरोबर आहे. मी आधी कागदावर कापते. हर्षाच्या अंगाले लावून बघा. पटलं तरच कापडाले हात लावीन."

हर्षाचे माप पस्तीस होते. चौथा भाग पावणेनऊ, त्यात दीड इंच. प्रेमलताने मला कागदावर ठेवले. पाऊण इंचाची सहा घरे, अर्ध्याची चार, मिळून दहा. आठ घरांचा एक इंच झाला, दोन घरे उरली, म्हणजे पाव. "सव्वादहा," ती म्हणाली.

शामलाताईंनी कापडाकडे बघून कपाळाला आठी घातली. "काठ सोडून बेचाळीसच इंच आहे गं. असे चार भाग बसतील का?"

"सव्वादहा चौक एक्केचाळीस. एक इंच उरते, ताई."

कागद हर्षाच्या अंगावर नीट बसला. इंदूबाईंनी तो पुढून-मागून बघितला. मग त्यांनी ते कापड स्वतःच टेबलावर पसरले. "काप," त्या म्हणाल्या.

कैची टसरमधून सरसर गेली. चारही भाग सुटे झाले आणि कडेला एक इंचाची सरळ पट्टी उरली, तेव्हा शामलाताईंनी एका हातानेच टेबल वाजवले.

घरी हूक लावायची वेळ आली. ब्लाऊजची पुढची हूकपट्टी साडेसात इंच, आणि दर दीड इंचावर हूक. बाबाराव खाटेवरून दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, म्हणू लागले, "दीड, तीन, साडेचार, सहा, साडेसात. पाच झाले."

"पाच हूक, आई," मयुरी म्हणाली.

"मधल्या जागा पाच, पण हूक सहा. सुरुवातीच्या टोकाले एक लागतोच ना!"

बाबाराव मोठ्याने हसले. "बरोबर आहे! सून जिंकली!"

लग्नाच्या आदल्या दिवशी हर्षाने आमच्या घरी येऊन ब्लाऊज घालून बघितला. सहाही हूक लागले. ती आरशापुढे गिरकी घेऊन आली. इंदूबाईंनी प्रेमलताचे दोन्ही हात धरले. "मी दारात बोलली होती, आता दारातच सांगते," असे म्हणून त्या उंबऱ्यात गेल्या आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडल्या, "अवं बायांनो, या वं पाहायले! माझ्या हर्षाचा ब्लाऊज प्रेमलतानं कापला!"

दारोदारच्या बाया आल्या. प्रेमलता मधोमध उभी होती, ताठ मानेने. असा दिवस माझ्या सागवानी आयुष्यात दुसरा आला नाही.

आता शिलाई वर्गात कापणे तीच शिकवते. नवी बाई आली की ती पहिल्यांदा विचारते, "अपूर्णांक येते का? नसन येत तं सांगून टाक, मलेही नव्हते येत."

मित्रांनो, तुमच्या दप्तरातल्या पट्टीची तलवार करू नका. तिच्या रेघा पुसू देऊ नका. आणि वर्गात एखादी गोष्ट कळली नाही, तर त्याच तासाला हात वर करा. बाजूच्या बाकावरचे कोणी हसले तर हसू द्या. हात मात्र खाली घेऊ नका.