प्रोग्रामबाहेर काढलेल्या सात ओळी

अनुसया मेश्राम यांच्या पत्राला मी आठ महिने उत्तर दिले नाही. तिरोडीच्या एका शाळेत त्या शिकवीत आणि ग्रंथालयही सांभाळीत. १९९६ च्या जुलैत त्यांनी लिहिले होते, “सर, बालाघाटच्या वाचनालयासाठी तुम्ही केलेला पुस्तक-नोंदीचा प्रोग्राम फ्लॉपीवर आणला. आमच्या कॉम्प्युटरवर तो उघडत नाही. आमचे काय चुकते, ते कळवावे.”

त्यांचे काहीच चुकत नव्हते. त्या वाचनालयाचा मी ग्रंथपाल होतो. निवृत्तीच्या आधी पुस्तके वाचून, अडखळत तो प्रोग्राम लिहिला. त्यात वाचनालयाचे नाव, याद्यांचा ड्राइव्ह, प्रिंटरची जागा, सगळे चाळीस ठिकाणी पक्के लिहून टाकले होते. तो फक्त आमच्याच यंत्रावर चालणार होता. हे एका शिक्षिकेला कोणत्या तोंडाने कळवू?

हिवाळ्यात मी ती माहिती एकेक करून प्रोग्रामबाहेर काढली. सुरुवातीला चालणाऱ्या एका छोट्या फाइलीत सात ओळी लिहिल्या; प्रत्येकीत आधी एक नाव, पुढे त्याची माहिती. कॉम्प्युटर त्या लक्षात ठेवी आणि प्रोग्राम त्याला विचारून घेई. जागा बदलली की फक्त त्या सात ओळी बदलायच्या. पण परक्या यंत्रावर चालल्याशिवाय उत्तर लिहायचे नाही, असे ठरवले होते. माझा पुतण्या केदार गावातच कॉम्प्युटर क्लास चालवी. मार्चमध्ये एके दिवशी त्याच्या दारावरून दोनदा परत फिरलो.

“काका! काहून बाहेर उभे? आत या ना!”

वर्ग भरलेला होता. फ्लॉपी घातली, आणि पडद्यावर आले : आउट ऑफ एन्व्हायर्नमेंट स्पेस. माझे कान तापले. मी फ्लॉपी काढायला हात पुढे केला.

“थांबा ना, भागून कुठं चालले?” केदारने फाइल उघडली आणि मोठ्याने हसला. “काका, हे नावं ठेवले का निबंध लिहिला? ‘पुस्तकांच्या यादीचे ठिकाण’, पूर्ण! कॉम्प्युटरची डॉस अशा ओळी लक्षात ठेवायले मुठीएवढी जागा ठेवते, तेच ते एन्व्हायर्नमेंट. त्यात माह्या मशीनच्या ओळी पहिलेच बसून आहेत.”

कॅटलॉगच्या कार्डावर काहीही तोडून लिहायचे नाही, ही माझी चाळीस वर्षांची सवय. तीच नडली. मी खुर्ची ओढली. सातही नावे तीन-तीन अक्षरांची केली. प्रोग्राम ती एकाच ठिकाणी विचारत होता, म्हणून तिथेही बदलायला वेळ लागला नाही.

मग केदारने ओळींत आपला ड्राइव्ह आणि आपल्या क्लासचे नाव घातले. प्रोग्राम सुरू झाला. पडद्याच्या माथ्यावर त्याच्या क्लासचे नाव, खाली पुस्तकांची कोरी यादी.

“मी प्रोग्रामले हातही नाही लावला!” तो पोरांकडे वळला. “देखो रे, इनको किसी ने नहीं सिखाया. खुद पढ़के बनाया है.” मग हळूच म्हणाला, “काका, एक दिवस हे माह्या पोराईले शिकवाल?”

“हौ,” मी म्हणालो. एरवी मी आठवडाभर विचार केला असता.

घरी येऊन पत्र लिहिले. चूक माझी होती हे पहिल्याच वाक्यात लिहिले, मग कोणत्या ओळीत काय भरायचे ते. शेवटी लिहिले, “हा तुमच्याकडे चालेल.” पत्र आणि फ्लॉपी दोन पुठ्ठ्यांत बांधून पोस्टात गेलो.

“अंदर क्या है, साहब?” खिडकीतल्या बाबूंनी विचारले.

“मेरा प्रोग्राम,” मी म्हणालो, जरा मोठ्यानेच. त्यांनी पाकिटावर शिक्का मारला.