मनालीच्या कानांवरून शालूबाईंच्या कानांवर

मी हेडफोन बोलतोय. जरा सावकाश बोलेन, समजून घ्या. सहा वर्षं म्हणजे आमच्यात म्हातारपणच. लिहायला-वाचायला मला येत नाही. जे काही कळलं, ते ऐकून-बघून कळलं.

माझा जन्म कुठं झाला ते ठाऊक नाही. पहिली आठवण कोल्हापुरातल्या एका दुकानाची. एका मुलीनं मला डोक्यावर चढवलं आणि विचारलं, "ह्यात भायेरचं काय ऐकू येत न्हाय न्हवं?"

"ताई, घरात चोर शिरला तरी कळायचं न्हाय," दुकानदार म्हणाला. तिनं मला लगेच घेतलं.

ती मनाली. कळंब्याला राहणारी, सॉफ्टवेअर लिहिणारी. तिचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि चार माणसं. मालक आदर्श तिच्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठा. मनाली फार अबोल. मी डोक्यावर असलो की तिला कुणाशी बोलावं लागत नसे. घरून काम करायची तेव्हा आई दारातून ओरडायची, "कानात बोळं घालून बसलीयास व्हय! आमटी थंड झाली की!" मला ते ऐकू यायचं, पण मी आत जाऊ देत नसे. मला त्याचा अभिमान होता.

रविवारी सकाळी ती मुलींच्या टीममध्ये गोलकीपर म्हणून खेळायची. मी बॅगेत, मोज्यांच्या शेजारी. त्या मोज्यांबद्दल न बोललेलं बरं. मैदानावरही तिचं तोंड बंद. कॅप्टन अवंतिका वैतागायची, "अगं, मागनं तुला सगळं ग्राउंड दिसतंय. ओरड की! का आम्ही पाठीला डोळं लावून घिऊ?" मनाली नुसती हसायची.

गेल्या वर्षी इचलकरंजीच्या भाऊसोंचं काम आलं. त्यांचा साठ मागांचा कारखाना. एखादा माग अडला की कामगारानं फोनवर त्याचा नंबर दाबायचा, आणि माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरच्या फोनवर घंटी वाजायची. काम एवढंच. पण ते जमलं नाही तर भाऊसो पुण्याच्या कंपनीकडे जाणार होते, आणि आदर्शला ऑफिस चालवणं अवघड होणार होतं.

मनालीनं तीन महिने जीव ओतला. नुसती घंटी निवडायला दोन दिवस घालवले. माझ्यातून पन्नास घंट्या ऐकल्या आणि घुंगरासारखी एक नाजूक घंटी पसंत केली. मलाही ती फार आवडली. म्हणजे पुढं जी चूक निघाली, त्यात माझा निम्मा वाटा आहे.

काम दाखवायच्या दिवशी मी मनालीच्या गळ्यात होतो. कारखान्याच्या शेडच्या दारातच हादरलो. साठ माग एकदम चालत होते. असा खडखडाट मी आयुष्यात ऐकला नव्हता.

कामगारानं नंबर दाबला. घंटी वाजली. म्हणजे वाजली असणार! जॉबर सम्राट दहा पावलांवर पाठमोरा उभा, त्याला पत्ताच नाही. फोन त्याच्या खिशात थरथरतही होता, पण तिथं पायाखालची फरशीच थरथरत होती.

मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या शालूबाई हसत सुटल्या. त्या सम्राटच्या समोर गेल्या आणि एक मूठ डोक्यावर ठेवून दुसरा हात हलवला. तो धावत आला. तेव्हा लक्षात आलं, इथं तोंडानं कुणी बोलतच नाही, सगळी हातांनी बोलतात. शालूबाई मनालीच्या कानाशी ओरडल्या, "लेकी, हितं देव आला तरी त्येला हात हलवूनच बोलवावं लागतंय!"

केबिनचं दार लावल्यावर भाऊसोंनी विचारलं, "काय ओ, वाजली न्हाय व्हय तुमची घंटी?"

आदर्श घाईनं म्हणाला, "नेटवर्कचा प्रॉब्लेम दिसतोय, भाऊसो."

वाटलं, आता मनाली मला कानांवर ओढणार. तिनं मला काढून टेबलावर ठेवलं.

"नेटवर्क न्हाय, भाऊसो. चूक माझी हाय. मी घरात कान झाकून हे केलं. हितं याच्या आधी एकदाबी आले न्हाय."

आदर्शचा चेहरा उतरला. भाऊसोंनी विचारलं, "मग आता?"

"पंधरा दिवस द्या. त्यातलं आठ मी शेडमधीच बसणार, शालूबाईंच्या शेजारी."

"डोस्कं उठंल, पोरी."

"उठू दे की."

भाऊसो हसले. "बरं. पुण्याला पंधरा दिवसांनी फोन करतो. चहा घ्या."

आठ दिवस ती शेडमध्ये बसली. अंगावर कापूस, हातात वही. कुठली खूण म्हणजे बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ संपला, कुठली म्हणजे धागा तुटला, सगळं शालूबाईंनी शिकवलं. काही विचारायचं तर मनालीला घसा ताणून ओरडावं लागे. त्या रविवारी मैदानावर ती "डावीकडं सोडू नका!" अशी गरजली की अवंतिका खेळता खेळता थांबली आणि टीमनं गोल खाल्ला. मी बॅगेत हसलो.

घंटी गेली. तिच्या जागी मागांच्या प्रत्येक ओळीवर लाल दिवा आला. फोनवर अक्षरांऐवजी शालूबाईंच्या हातांची चित्रं आली, परमुलखातून आलेल्या कामगारांनाही कळतील अशी. पंधराव्या दिवशी धागा तुटला, कामगारानं चित्र दाबलं, दिवा लागला आणि सम्राट धावला. भाऊसो म्हणाले, "पुण्याचा नंबर हरवला बघा माझ्याकडनं."

निघताना मनालीनं मला शालूबाईंच्या डोक्यावर बसवलं. "मावशी, ह्यात आता गाणं लागत न्हाय. बॅटरी गेलीया."

शालूबाई तेवीस वर्षं त्या शेडमध्ये आहेत. त्यांनी डोळे मिटले. मग मोठ्यानं म्हणाल्या, "गाणं कशाला, लेकी? किती वर्सांनी निम्मं गप्प झालं बघ."

तेव्हापासून मी इथंच आहे. अंगावर कापूस बसून केस पांढरे झाल्यासारखा दिसतो. कामाची पाळी सुटली की शालूबाई मला पदरानं पुसून खुंटीला अडकवतात. मनाली महिन्यातून एकदा येते, मला बोटानं टिचकी मारते आणि सम्राटशी हातांनीच भांडते.

भाऊसो, एक विनंती आहे. या शेडमध्ये माणसं बारा आणि कान झाकणारा मी एकटा. नुसते कान झाकायचं साधन बाजारात मिळतं, गाणी वाजवणारं नसलं तरी चालेल. तशी अकरा आणा. परवा शालूबाईंनी बाहेर जेवायला जाताना मला सम्राटला दिलं, नंतर आणखी कुणी मागितलं. मला सगळ्यांच्याच कानांवर बसावंसं वाटतं. पण मी म्हातारा हेडफोन, एका वेळी एकाच डोक्यावर मावतो.