मालकाची बंदूक, मच्छिंद्राचं दार

लसूणघास कापता कापता मच्छिंद्र आणि मन्सूर यांची जुंपली होती. दोह्याबाहेरच्या शहानियाच्या त्या मळ्यातून बोकड चोरीला गेलं होतं, आणि मालक अबूबकर आज बंदुका दाखवायला आणणार होता. मच्छिंद्र मळ्यातच पत्र्याच्या खोलीत राही. तिच्या दाराला कडी नव्हती. गेल्या हिवाळ्यापासून तो कडी मागत होता. मालक दर वेळी म्हणे, "इन्शाल्ला."

"आता कडी कशाला? बंदूकच उशाला यील," मच्छिंद्र विळा झाडत म्हणाला.

"धरता तरी येती का?" मन्सूर उदगीरचा, मालकाचा ड्रायव्हर आणि दुभाषाही.

"गेवराईच्या पाटलाची बंदूक मीच पुसायचो!"

खरं तर दसऱ्याला पाटील बार काढी, तेव्हा हा कानांत बोटं घालून गोठ्यामागं बसे.

मालक आला. मच्छिंद्र बंदुकीचा जाणकार आहे, हे मन्सूरनं लगेच त्याच्या कानावर घातलं. मालकानं गाडीच्या बॉनेटवर दोन बंदुका मांडल्या.

"इचारतोय, दोन नळीची का पाच बाराची?" मन्सूर म्हणाला.

"दोन नळीची. नुसती दावली तरी चोर पळंल."

"आन् काडतूस?"

"एकच जाड गोळी. रानडुक्कर जाग्याला लोळतंय."

मन्सूरनं कपाळावर हात मारला. "अरं, मालकापुढं त्या जनावराचं नाव काढतूस?" आणि तो अरबीत भलतंच काही बोलला. मालकानं मान डोलावली.

"काय सांगितलंस?"

"म्हनलं, मच्छिंदर बारीक छर्रा घ्या म्हनतो. गोळी भिंतीतनं आरपार जाती, पलीकडं लेकरं निजल्याली असत्यात."

"पलीकडं शेळ्या हायत. लेकरं कुठली?"

मन्सूर बंदुकीत छर्ऱ्याचं काडतूस भरू लागला.

मालकानं बार काढायला बंदूक मच्छिंद्राच्याच हाती दिली. चाप ओढला मात्र, गडी घासात उताणा पडला. छर्रे आभाळात गेले, शेळ्या कुंपणाबाहेर. मालक पोट धरून हसला. मग पुसून देण्याचा हुकूम झाला. मच्छिंद्रानं नळी पुसायचा लाकडी गज आत घातला, काढला, पुन्हा घातला, आणि त्यालाच जाणकारी म्हटलं.

"यल्ला!" निघायची घाई करत मालकानं बंदूक पेटीत घालून गाडीत टाकली.

"मन्सूरभाऊ, बंदूक कुठं चालली?"

"दोह्याला, मालकाच्या व्हिलात. बोकड गेल्यापास्नं मालकाला झोप न्हाई. चोर घरात शिरला तर?"

"आन् माझं घर?"

"तुझं घर गेवराईला. हितं तुला काठी हाय. जागा ऱ्हा, म्हनतोय."

गाडी धूळ उडवत गेली. मच्छिंद्र थुंकला. आणि बघतो तर गज त्याच्याच काखेत.

त्यानं कुंपणाची तार वाकवून चौकटीला दोन आकडे केले आणि गज आडवा सारला. वारं रात्रभर दाराला धडका देत होतं, पण दार हललं नाही.

शुक्रवारी मालक पुन्हा आला.

"बंदुकीचा गज इचारतोय," मन्सूर म्हणाला. त्याची नजर दाराकडं गेली आणि मुकाट्यानं परत आली. "कधी घावंल, म्हनतोय."

मच्छिंद्रानं दोन्ही हात वर करून आभाळाकडं पाहिलं.

"इन्शाल्ला."